बस नंबर २८५७ : भंगारातली गाडी ओळखली कशी?

अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरीच्या एका रहिवाशाच्या शेतात जवळजवळ तीस वर्षं एक जुनी सिटी बस उभी होती. खिडक्या निघालेल्या, इंजिन काढून घेतलेलं, काही सीट गायब, पत्र्याला गंज. मालक तिच्यात फळ्या आणि अवजारं ठेवायचा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गाडी सेवेतून बाद झाली तेव्हा त्याने ती विकत घेतली होती, आणि घेताना बस कंपनीतल्या लोकांनी त्याला सांगितलं होतं, की ही रोझा पार्क्सची बस, म्हणजे गोऱ्या प्रवाशासाठी सीट सोडायला नकार दिला म्हणून १९५५ मध्ये ज्या कृष्णवर्णीय बाईंना अटक झाली, त्यांची. त्याने ते लक्षात ठेवलं, गाडी शेतात नेली आणि तिचं कोठार केलं. तो गेल्यावर ती लेक-जावयाकडे आली. गोष्ट त्यांनाही तोंडपाठ होती. रोझा पार्क्सचं नाव आणि या गाडीचा नंबर एकत्र असलेला कागद मात्र त्यांच्याकडे नव्हता.

ऑक्टोबर २००१ मध्ये इंटरनेटवरच्या लिलावात हीच बस ४,९२,००० डॉलरना विकली गेली. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात, इथे तीस लागली.

दरम्यान गाडी काही सुधारली नव्हती, गंज वाढला असेल तेवढाच. ‘हीच ती’ असं म्हणायला आधार मात्र सापडला होता. तो आधार कसा सापडला, किती भक्कम आहे, आणि सापडल्यावर गाडीचं जे केलं ते मला पटतं का, हे या प्रकरणात पाहू.

गाडी कोणती

२८५७ हा तिचा माँटगोमेरीतला फ्लीट नंबर, म्हणजे बस कंपनीने आपल्या ताफ्यातल्या गाडीला दिलेला. कारखान्याच्या वहीत ती जनरल मोटर्सची टीडीएच-३६१०, अनुक्रमांक ११३२. मिशिगन राज्यातल्या पाँटियाकच्या कारखान्यात १९४८ साली बांधलेली. मॉडेलचं नाव म्हणजे एक छोटी कुंडलीच असते. टी म्हणजे ट्रान्झिट, अर्थात शहरी वाहतुकीची. डी म्हणजे डिझेल. एच म्हणजे हायड्रॉलिक, म्हणजे ड्रायव्हरला क्लच दाबत गिअर बदलत बसायला नको. ३६ ही सीटची संख्या आणि १० ही त्या मालिकेतली आवृत्ती. ही लिपी एकदा वाचता यायला लागली की माणूस जुन्या फोटोंच्या ढिगात दिवसचे दिवस हरवतो, हे अनुभवाने सांगतो.

या घराण्याला शौकीन ‘ओल्ड लुक’ म्हणतात. ते नाव तिला जन्मापासून नव्हतं. १९५९ साली जनरल मोटर्सने पुढे मोठी फुगीर काच असलेली नवी बस आणली, तिला ‘न्यू लुक’ म्हटलं (लोकांनी तिचं ‘फिशबोल’, माशांचं काचपात्र, करून टाकलं), तेव्हा आधीची आपसूक जुनी ठरली. धाकटी सून घरात आली की आधीचीला थोरली म्हणायला लागतात, तसंच. १९४० पासून १९६९ पर्यंत या गोलसर कपाळाच्या सुमारे ३८ हजार गाड्या तयार झाल्या. अमेरिकेतल्या एका अख्ख्या पिढीला ‘बस’ म्हटलं की हीच डोळ्यांपुढे येते.

यंत्राबद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी नाही; पत्रा आणि आतला सांगाडा मिळूनच भार पेलतात. इंजिन मागच्या टोकाला आडवं बसवलेलं, आणि त्यातून निघणारा दांडा चाकांच्या आसाकडे तिरका जातो. ड्वाइट ऑस्टिन या अभियंत्याची ही मांडणी. आडवं इंजिन मागच्या भिंतीला चिकटून बसतं, म्हणून तेवढ्याच लांबीत माणसं जास्त मावतात. ३६ सीटच्या गाडीत चार सिलिंडरचं टू-स्ट्रोक डिझेल असे, दर सिलिंडर ७१ घन इंचांचा. टू-स्ट्रोक असल्याने प्रत्येक फेऱ्याला स्फोट, त्यामुळे इंजिन आहे त्यापेक्षा दुप्पट वेगाने पळतंय असं कानाला वाटतं. गाडी थांब्यावरून निघताना आधी आवाज चढतो आणि गाडी त्याच्या मागून सावकाश हलते. पुरेसा वेग आला की कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलातून पुढे पोचवणारा भाग) सुटून थेट जोड लागतो आणि सूर एकदम खाली उतरतो. ज्यांनी लहानपणी हे ऐकलंय ते पन्नास वर्षांनीही तोंडाने तो आवाज काढून दाखवतात.

२८५७ ही यातली काही खास गाडी नव्हती. आधी ती इंडियाना राज्यातल्या टेर होट शहरात धावली आणि १९५४ साली माँटगोमेरीत आली, म्हणजे सेकंडहँडच. माँटगोमेरी सिटी लाइन्स ही कंपनीसुद्धा स्थानिक मालकीची नव्हती. शिकागोच्या नॅशनल सिटी लाइन्सची ती उपकंपनी. या शिकागोवाल्यांवर, जनरल मोटर्सवर आणि काही टायर-तेल कंपन्यांवर १९४९ साली मक्तेदारीच्या कटाचा गुन्हा सिद्ध झाला होता. दंड कंपनीमागे पाच हजार डॉलर, म्हणजे चणे-फुटाणे. शौकिनांच्या गप्पांत यावरून ‘यांनी ट्राम मारल्या’ असं सर्रास म्हटलं जातं. न्यायालयाने दोषी ठरवलं ते बस आणि सुट्या मालाच्या विक्रीतल्या मक्तेदारीबद्दल. शहरांची वाहतूकच ताब्यात घेण्याच्या कटातून त्यांची सुटका झाली होती. खुद्द माँटगोमेरीत १८८६ साली विजेची ट्राम सुरू झाली होती, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी, आणि ती १९३६ मध्येच बंद पडली. तिथे या मंडळींना दोष देण्यात अर्थ नाही.

त्या संध्याकाळी

घटना बहुतेकांना माहीत आहे, म्हणून गाडीशी संबंध आहे तेवढंच सांगतो.

या बसला कंडक्टर नसे. ड्रायव्हरच पुढच्या दाराशी पैसे घेई, त्यामुळे गाडीतला कायदाही तोच. कृष्णवर्णीय प्रवाशाने पुढून चढून पैसे टाकायचे, खाली उतरायचं आणि मागच्या दाराने पुन्हा चढायचं, अशीही रीत होती. मधल्या वेळात ड्रायव्हरने गाडी हाकली तर पैसेही गेले आणि बसही गेली. १९४३ मध्ये याच मागच्या दारावरून रोझा पार्क्स आणि जेम्स ब्लेक नावाच्या ड्रायव्हरची खडाजंगी झाली होती. त्यानंतर बारा वर्षं त्या ब्लेकच्या गाडीत चढल्या नाहीत. १ डिसेंबर १९५५ च्या गुरुवारी कामावरून परतताना त्यांनी ड्रायव्हरचं तोंड पाहिलं नाही, एवढंच निमित्त झालं.

३६ सीटपैकी पुढच्या दहा गोऱ्यांसाठी राखीव. मधल्या ओळींचं काही पक्कं नव्हतं. गर्दी पाहून ड्रायव्हर सीमा मागे सरकवी. पार्क्स मधल्या भागाच्या पहिल्याच ओळीत बसल्या होत्या, रीतसर. एम्पायर थिएटरच्या थांब्यावर गोरे प्रवासी चढले, त्यातला एक उभा राहिला. एका माणसासाठी चार जणांनी उठायचं होतं, कारण गोऱ्याच्या ओळीत पलीकडच्या सीटवरही कृष्णवर्णीय चालत नसे. तिघं उठले, पार्क्स उठल्या नाहीत. दुसरी सीट रिकामी नसेल तर कोणाला उठवता येत नाही, असं खुद्द शहराच्या नियमावलीतच होतं. पण नियमावली वाचायला बसमध्ये कोण बसलंय!

पुढचं थोडक्यात: अटक, दहा डॉलर दंड आणि चार डॉलर कोर्टखर्च, ५ डिसेंबरपासून शहरातल्या कृष्णवर्णीयांचा बसवर बहिष्कार, तो ३८१ दिवस चालला, आणि २१ डिसेंबर १९५६ ला माँटगोमेरीच्या बसमधली वर्णभेदाची ओळ पुसली गेली.

पुरावा

आता मूळ मुद्दा. ती बस कुठली?

पोलिसांच्या अहवालात वेळ आहे, संध्याकाळी ६ वाजून ६ मिनिटं. जागा आहे, माँटगोमेरी स्ट्रीटवर एम्पायर थिएटरसमोर. फिर्यादी म्हणून ब्लेकचं नाव आहे, त्याच्या घराचा पत्तासुद्धा आहे. पार्क्स यांचा पत्ता आहे, कलम आहे. बसचा नंबर नाही. पोलिसांच्या दृष्टीने त्यात नवल नाही. त्यांना माणूस पकडायचा होता, गाडी नाही. पुढे फेडरल कोर्टातल्या खटल्यात पार्क्स कुठे बसल्या होत्या हे दाखवणारा बसचा आराखडा दाखल झाला. तो एका नमुना बसचा आहे. त्यावरून सीट कळते, गाडी कळत नाही.

फोटोचं म्हणाल तर तिथे एक सापळाच आहे. खिडकीतून बाहेर पाहणाऱ्या रोझा पार्क्स आणि मागच्या सीटवर एक गोरा माणूस, हा जगभर छापला जाणारा फोटो अटकेच्या दिवसाचा समजला जातो. तो आहे २१ डिसेंबर १९५६ चा, बहिष्कार संपल्यानंतरचा, आणि मुद्दाम बसवून घेतलेला. मागचा माणूस वृत्तसंस्थेचा बातमीदार होता. या फोटोवरून १ डिसेंबर १९५५ ची बस शोधायला निघणं म्हणजे लग्नाच्या फोटोवरून साखरपुड्याचं घर शोधण्यासारखं.

मग उरली ती कंपनीतल्या लोकांनी सांगितलेली गोष्ट. ती खोटी मानायचं कारण नव्हतं, पण लाखो डॉलर मोजणारा माणूस ‘आमच्या वडिलांना सांगितलं होतं’ एवढ्यावर पैसे टाकत नाही.

आणि तेव्हा एक चिकटवही समोर आली.

बहिष्काराच्या काळात माँटगोमेरीच्या बस स्थानकाचा व्यवस्थापक रोजच्या वर्तमानपत्रांतली कात्रणं कापून वहीत डकवत होता. अटकेच्या बातमीशेजारी त्याने हाताने लिहिलं होतं : ‘#२८५७’. दुसऱ्या जागी : ‘ब्लेक/#२८५७’. प्रसंग मोठा आहे असं वाटल्यामुळे त्याने नंबर टिपून ठेवला, असं त्याच्या घरच्यांनीही सांगितलं.

मला या दोन टिपणांपैकी दुसरं जास्त मोलाचं वाटतं. ‘ब्लेक/#२८५७’ ही ड्युटीच्या तक्त्याची भाषा आहे. पार्क्स यांचा मार्ग क्लीव्हलँड अव्हेन्यूचा, पण डेपोत कोणी ‘क्लीव्हलँड अव्हेन्यूची बस’ म्हणत नाही. कोणता ड्रायव्हर कोणती गाडी घेऊन गेला, हीच तिथली नोंदीची रीत. इतिहास लिहायला बसलेल्या माणसाने ‘अटक झाली ती बस’ असं काहीतरी लिहिलं असतं. याने रोजच्या सवयीने ड्रायव्हर आणि गाडी यांची जोडी लिहिली. बसचे नंबर वहीत लिहून ठेवणाऱ्यांना घरचे येडे म्हणतात. इथे सगळा निकाल असल्याच एका नोंदीवर लागला.

मिशिगनमधल्या डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयाला ही गाडी हवी होती, पण त्यांनी टिपणावर आंधळा विश्वास टाकला नाही. वही आणि तिच्यातलं हस्ताक्षर खरंच त्या काळातलं आहे का, हे पाहायला हस्ताक्षर-कागदपत्रांचा तज्ज्ञ नेमला. संग्रहालयाचा एक जतनतज्ज्ञ माँटगोमेरीला जाऊन ती गंजकी गाडी स्वतः तपासून आला. म्हणजे साखळीला दोन कड्या. घटना ते नंबर, ही कडी वहीची. नंबर ते हा पत्र्याचा सांगाडा, ही कडी प्रत्यक्ष गाडीची. दोन्ही तपासल्या गेल्या.

तरीही एक शंका मांडून ठेवतो. कंपनीतल्या लोकांचं सांगणं आणि व्यवस्थापकाची टीप हे दोन वेगळे साक्षीदार नाहीत. दोन्हींचा उगम एकाच डेपोत. व्यवस्थापकाने नंबर चुकवला असता, तर तीच चूक डेपोभर पसरून शेतमालकापर्यंत आली असती. पण चुकवायचं कारण दिसत नाही. गाडीला किंमत येण्याच्या कितीतरी वर्षं आधी, कोणाला दाखवायचं नसताना, ज्याचं रोजचं कामच गाड्यांचा हिशेब ठेवणं होतं अशा माणसाने लिहिलेली ही नोंद आहे. ‘हा सूर्य, हा जयद्रथ’ म्हणण्याइतकं नसेल, पण माझ्या मते पुरेसं आहे.

लिलाव

बोली २५ ऑक्टोबर २००१ ला पन्नास हजार डॉलरपासून सुरू झाली आणि रात्री दोनपर्यंत चालली. चढाओढीत अमेरिकेची राष्ट्रीय संग्रहालयं चालवणारी स्मिथसोनियन संस्था होती, डेन्व्हर शहर होतं. हेन्री फोर्ड संग्रहालयाने सगळ्यांना मागे टाकलं आणि बसबरोबर ती चिकटवही आणि माँटगोमेरीच्या ड्रायव्हरचा एक गणवेशही घेतला. वही सोबत घेणं हा या सगळ्यातला सगळ्यात शहाणा निर्णय. पुरावा एका गावात आणि वस्तू दुसऱ्या गावात राहिली, की शंभर वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मौज अशी, की जनरल मोटर्सची गाडी फोर्डच्या नावाच्या संग्रहालयात गेली, आणि तीही आपल्या जन्मगावापासून तासाभराच्या अंतरावर. रोझा पार्क्स स्वतः १९५७ साली माँटगोमेरी सोडून डेट्रॉइटला आल्या होत्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. डिअरबॉर्न म्हणजे डेट्रॉइटचा शेजार.

दुरुस्ती

२००२ मध्ये ‘सेव्ह अमेरिकाज ट्रेझर्स’ या सरकारी योजनेतून २,०५,००० डॉलरचं अनुदान मिळालं आणि एमएसएक्स इंटरनॅशनल या कंपनीने काम केलं. गाडीतलं जे गेलं होतं ते भरून काढायला त्याच प्रकारच्या दुसऱ्या जुन्या बसचे भाग वापरले. हिरवा, पिवळा, पांढरा असे जुने रंग परत आले. फेब्रुवारी २००३ मध्ये गाडी लोकांसमोर आली.

इथे शौकिनांचा जुना वाद उभा राहतो. गाडी किती दुरुस्त करायची? सगळं बदललं तर ती तीच गाडी राहते का? पडक्या वाड्याच्या तुळया, दारं, कौलं बदलून ‘पणजोबांचा वाडा’ म्हणण्यासारखंच हे. संग्रहालयाने उद्दिष्ट ठेवलं ते १९५५ चं, म्हणजे सात वर्षं वापरलेल्या गाडीचं. १९४८ ची कोरी करकरीत गाडी त्यांना नको होती. हे मला पटतं. नव्या रंगाच्या झगमगाटात पार्क्स यांची सीट दागिन्यांच्या दुकानातल्या खुर्चीसारखी दिसली असती.

दुसरा निर्णय त्याहून धाडसाचा : लोकांना आत बसू द्यायचं. याच संग्रहालयात अध्यक्ष लिंकन यांना गोळी घातली तेव्हा ते नाट्यगृहात बसले होते ती खुर्ची आहे, अध्यक्ष केनेडींचा खून झाला ती मोटार आहे. तिथे कोणी बसत नाही. बसमध्ये मात्र शाळेची पोरं चढतात. शुद्ध जतनाच्या दृष्टीने हे पाप आहे, कारण रोज शेकडो ढुंगणं घासली की सीटचं कापड टिकत नाही. पण माणसाला त्याच जागी बसून पाहायचं असतं, त्याला इलाज नाही. बहिष्काराचं नेतृत्व करून पुढे आलेले मार्टिन लूथर किंग १९५९ साली मुंबईत आले, तेव्हा हॉटेल सोडून त्यांनी मुक्काम केला तो गांधीजी राहत त्या मणिभवनातच. ती ओढ आणि ही ओढ वेगळी नाही. एप्रिल २०१२ मध्ये बराक ओबामा अध्यक्ष असताना इथे आले, त्यांनाही बसायचं होतं. फोटोत ते पार्क्स यांच्याच ओळीत दिसतात, पण पलीकडच्या बाजूच्या सीटवर.

ऑक्टोबर २००५ मध्ये रोझा पार्क्स गेल्या, तेव्हा संग्रहालयाने बसला काळं कापड लावलं.

माझं दुखणं वेगळंच आहे, आणि ते १९५५ हे वर्ष निवडण्यातच आहे. कायद्याच्या लढाईत माँटगोमेरीच्या बसचा वर्णभेद ज्या खटल्याने मोडला, त्यात रोझा पार्क्स वादी नव्हत्या. त्यात चार बायका होत्या, त्यांतली एक क्लॉडेट कोल्विन, जी पंधरा वर्षांची असताना २ मार्च १९५५ ला, पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, अशीच सीटवरून उठली नव्हती. एका बसवर इतका प्रकाश टाकला की बाकीच्या बस अंधारात जातात.

आणि खुद्द या बसचंही तेच झालंय. २८५७ माँटगोमेरीत १९५४ ते १९७१ अशी सतरा वर्षं धावली. त्यातली वर्णभेदाची वर्षं दोनच. उरलेली सुमारे पंधरा वर्षं ती साधी बस होती : ज्याला जिथे जागा मिळेल तिथे तो बसत होता, पास काढून कामाला जाणारी माणसं तिच्यातून पुढच्याच दाराने चढत होती आणि कोणी तिच्याकडे वळून बघतही नव्हतं. मग तीस वर्षं फळ्या नि हातोडे. दुरुस्तीत ही सगळी वर्षं खरवडून काढली गेली. निदान मागच्या बाजूचा एक पत्रा शेतातल्या गंजासकट तसाच ठेवायला हवा होता.